गरिबी, मुलांचा मेंदू आणि अंगणवाडी: भुसावळ परिसरातल्या पालकांनी काय समजून घ्यावे?

"मूल तीन वर्षांचे झाले. आता अंगणवाडीत पाठवू की नर्सरीत?" भुसावळसारख्या गावात लहान मुलांच्या डॉक्टरांना हा प्रश्न खोकल्या-तापाइतकाच नेहमी विचारला जातो. विचारणारी आई कधी केळीच्या बागेत मजुरीला जाणारी असते, कधी वडील रेल्वे यार्डात ठेकेदाराकडे रोजंदारीवर असतात. प्रश्न शाळेचा वाटतो, पण त्याचे उत्तर आरोग्याशी जोडलेले आहे. जन्मापासून सहा वर्षांपर्यंत मुलाच्या मेंदूत जे घडते, त्यावर गरिबीचा परिणाम थेट होतो. तो परिणाम कमी करण्यासाठी सरकारने उभी केलेली सर्वांत मोठी व्यवस्था म्हणजे अंगणवाडी. ती कशी चालते, कुठे कमी पडते आणि घरच्यांनी काय करावे, हे या लेखात पाहू.

थोडक्यात

- मेंदूची बहुतेक वाढ सहा वर्षांच्या आत होते. या काळात आहार आणि खेळ-गप्पा, दोन्ही लागतात. एकाची कमतरता दुसऱ्याने पूर्ण भरून निघत नाही.
- महाराष्ट्रात दर तीन मुलांमागे एकाहून जास्त मूल वयाच्या मानाने बुटके आहे आणि सुमारे दोन तृतीयांश मुलांत रक्त कमी आहे.
- अंगणवाडीचा आहार हा कायद्याने मिळालेला हक्क आहे. तीन ते सहा वर्षांच्या शिक्षणाचा मात्र अजून तसा सक्तीचा हक्क नाही.
- घरी रोज अर्धा तास मुलाशी बोलणे-खेळणे हा बिनखर्चाचा आणि संशोधनाने सिद्ध झालेला उपाय आहे.

भुसावळ परिसरात हा प्रश्न वेगळा का आहे?

भुसावळ हे मोठे रेल्वे जंक्शन. शहराला लागून आयुध निर्माणी, दीपनगरचे औष्णिक विद्युत केंद्र, आजूबाजूला केळी आणि कपाशी. कागदावर पाहिले तर हा भाग गरीब वाटत नाही. पण याच गावात दोन प्रकारची बालपणे शेजारी-शेजारी वाढतात. रेल्वेच्या किंवा निर्माणीच्या कायम नोकरीत असलेल्या घरातल्या मुलाला क्वार्टर, दवाखाना, ठरलेला पगार आणि शाळा यांचा आधार असतो. त्याच ठिकाणी ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या, हमाली करणाऱ्या, फेरीवाल्या किंवा धुणीभांडी करणाऱ्या घरातल्या मुलाला यातले काहीच मिळत नाही. त्याच्या घरी हातावर पोट असते. आई-वडील सकाळी कामाला गेले की मूल आजीकडे किंवा सात-आठ वर्षांच्या बहिणीकडे राहते.

जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी यावल, रावेर, चोपडा तालुक्यांत तडवी, पावरा, भिल्ल पाडे आहेत. धुळे जिल्ह्यात शिरपूर आणि साक्रीकडे असेच चित्र आहे. पाऊस संपला की अनेक कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा गुजरातेत कामाला जातात. मूलही बरोबर जाते आणि त्याचे नाव मात्र गावच्या अंगणवाडीच्या रजिस्टरवर राहते.

नीती आयोगाने २०२३ मध्ये बहुआयामी गरिबीचा अहवाल दिला. त्यात फक्त उत्पन्न न मोजता आहार, बालमृत्यू, शिक्षण, स्वयंपाकाचे इंधन, शौचालय, पाणी, घर अशी १२ लक्षणे पाहिली आहेत. महाराष्ट्रात अशा गरिबीत राहणाऱ्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १४.८ टक्के होते. ते २०१९-२१ मध्ये ७.८ टक्क्यांवर आले. ही चांगली बातमी आहे. पण त्याच काळात मुलांच्या वाढीचे आकडे जवळपास हलले नाहीत. घरात गॅस आला, शौचालय झाले, मोबाइल आला, तरी मुलाची उंची तिथेच राहिली आणि रक्ताची कमतरता उलट वाढली. असे का झाले, हे समजण्यासाठी मुलाच्या शरीरात काय होते ते पाहावे लागेल.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालील मुलांचे चित्र असे आहे:

- वयाच्या मानाने बुटकी: ३५.२ टक्के. आधीच्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण ३४.४ होते.
- उंचीच्या मानाने लुकडी: २५.६ टक्के. आधीही एवढेच होते. देशाची सरासरी १९.३ टक्के आहे.
- वयाच्या मानाने कमी वजनाची: ३६.१ टक्के.
- रक्त कमी असलेली (६ महिने ते ५ वर्षे): ६८.९ टक्के. आधी ५३.८ टक्के होती.

बुटकेपणा हा बरेच महिने, वर्षे चाललेल्या कमतरतेचा पुरावा असतो. लुकडेपणा म्हणजे अलीकडची उपासमार किंवा वारंवारचे आजारपण. "आमच्या घरात सगळेच बुटके आहेत" असे अनेक पालक म्हणतात. दोन वर्षांखालच्या मुलांत मात्र उंचीतला फरक बहुतेक वेळा आहार, जुलाब आणि आईच्या स्वतःच्या प्रकृतीमुळे पडतो. म्हणून उंची कमी भरली की ती घराण्यावर टाकून सोडून देऊ नये.

गरिबी मुलाच्या मेंदूपर्यंत कशी पोहोचते?

पैसे कमी असणे हा आजार नाही. पण तो चार वाटांनी मुलाच्या शरीरात शिरतो.

*१. आहार.* साधारण चार-पाच वर्षांच्या वयात मुलाच्या शरीराला दिवसभरात लागणाऱ्या ऊर्जेपैकी ४० टक्क्यांहून अधिक ऊर्जा एकटा मेंदू वापरतो. खाणे कमी पडले की शरीर आधी उंची वाढवणे थांबवते आणि खेळणे, धावणे कमी करते. मूल "शांत आहे, त्रास देत नाही" असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात ते ऊर्जा वाचवत असते. जे मूल हालचाल करत नाही, वस्तू हाताळत नाही, प्रश्न विचारत नाही, त्याचे शिकणेही कमी होते.

*२. लोह.* रक्तात लोह कमी असेल तर मेंदूच्या पेशींना प्राणवायू कमी मिळतो आणि त्यांची जोडणी नीट होत नाही. असे मूल चिडचिडे होते, लक्ष लागत नाही, माती किंवा पाटीवरची पेन्सिल खाते. पहिल्या दोन वर्षांतली तीव्र कमतरता नंतर औषधाने भरून काढली, तरी शिकण्यावरचा परिणाम काही मुलांत राहतो. आपल्याकडे सकाळी मुलाला चहात टोस्ट किंवा बिस्कीट बुडवून देण्याची पद्धत आहे. चहामुळे अन्नातले लोह शरीरात कमी शोषले जाते. पोट भरल्यासारखे वाटते, पण मिळत काहीच नाही.

*३. जंतुसंसर्ग.* उघडी गटारे, पाणी साठवण्याचे उघडे पिंप, अंगणात रांगणारे मूल. वारंवार जुलाब आणि जंत झाले की आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज राहते. मग खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. फक्त आहार वाढवून वजन का वाढत नाही, याचे हे एक मोठे कारण आहे.

*४. बोलणे आणि ताण.* हा भाग घरात सर्वांत कमी बोलला जातो. मूल बोलायला शिकते ते त्याच्याशी कोणी बोलल्यामुळे. दहा-बारा तास काम करून आलेल्या आईकडे गप्पांसाठी ताकद उरत नाही, यात तिचा दोष नाही. त्यात घरात कर्ज, दारू, भांडणे असतील, तर मुलाच्या शरीरात ताणाची संप्रेरके सतत वाढलेली राहतात. झोप, भूक आणि लक्ष, तिन्हींवर त्याचा परिणाम होतो.

या चारही वाटा एकाच वेळी उघड्या असतात. म्हणून "आधी पोट भरू, शिक्षणाचे नंतर बघू" हा विचार लहान मुलांच्या बाबतीत चालत नाही. मेंदू दोन्हीची वाट एकदमच पाहत असतो.

अंगणवाडी ही कल्पना मुळात शिक्षणाची होती

आज "अंगणवाडी" म्हटले की लोकांना खिचडी आणि वजनकाटा आठवतो. पण हा शब्द आणि ही कल्पना महाराष्ट्रात बालशिक्षणातून आली. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाचे काम सुरू केले. १९४५ च्या सुमारास त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावात आल्या. बालवाडीत मुले येईनात, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. नंतर कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासोबत आदिवासी पाड्यांत हेच काम झाले. मुलांची आंघोळ, नखे, खाऊ, गाणी, मोजणी, मातीकाम, सगळे एकत्र चालत असे. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने घेता येत नव्हती, म्हणून बिया, शंख, पाने, काड्या वापरल्या.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ गटांत सुरू केली. आज महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. योजनेत सहा सेवा आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आईला आहार-आरोग्याचे मार्गदर्शन आणि शाळापूर्व शिक्षण. पन्नास वर्षांत आहार आणि नोंदी यांना जोर मिळाला आणि शाळापूर्व शिक्षण मागे राहिले.

आता नेमके कुठे अडते आहे?

*आहाराचा दर.* अन्न सुरक्षा कायदा २०१३ च्या मूळ निकषांनुसार सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून रोज ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळायला हवी होती. तीव्र कुपोषित मुलाला ८०० किलोकॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने. यासाठी केंद्राने २०१७ मध्ये एका मुलामागे दिवसाला ८ रुपये आणि तीव्र कुपोषित मुलामागे १२ रुपये असा दर ठरवला. वर्षाचे ३०० दिवस धरले तर एका मुलाचे २,४०० रुपये होतात. डाळ, तेल, भाजी, इंधन यांचे भाव दरम्यान कुठे गेले हे घर चालवणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात हे दर वाढवण्याचे जाहीर झाले. म्हणजे ही घोषणा व्हायलाही सात वर्षांहून जास्त काळ गेला. दर गोठलेला राहिला की आधी ताटातले महाग पदार्थ कमी होतात, आणि मुलाला गरज असते ती नेमकी त्यांचीच.

आदिवासी भागासाठी राज्याची डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. तिच्यात गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण, आणि सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंडी, अंडी न खाणाऱ्यांना केळी दिली जातात. अंडे आणि केळे यांत पोषणाचा मोठा फरक आहे. केळ्यातून ऊर्जा मिळते, प्रथिने आणि लोह फारसे मिळत नाही. जळगावच्या केळीचे कौतुक आपल्याला आहेच, पण वाढत्या मुलाला केळीसोबत डाळ, शेंगदाणे किंवा अंडे हवेच.

*सेविकेचा वेळ.* एका अंगणवाडीत एक सेविका आणि एक मदतनीस. आहार वाटप, वजन-उंची, गृहभेटी, लसीकरणाला मुले आणणे आणि २०२१ पासून पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपमधल्या नोंदी. शिवाय मतदार यादीपासून २०२४ मधल्या लाडकी बहीण योजनेच्या अर्जांपर्यंतची कामे. एवढ्यातून गाणी, गोष्टी, खेळ यांसाठी किती वेळ उरेल? मानधनात केंद्राचा वाटा सेविकेसाठी ४,५०० आणि मदतनीससाठी २,२५० रुपये आहे. तो ऑक्टोबर २०१८ मध्ये ठरला. वर राज्य आपली भर घालते. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या सेविकांनी पन्नासहून अधिक दिवस संप केला. त्या काळात खाऊ, वजन, वर्ग सगळे थांबले. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचे म्हटले होते. पालकांना संपाचा त्रास झाला हे खरे. पण मुलांच्या मेंदूच्या सर्वांत महत्त्वाच्या वर्षांचे काम ज्यांच्यावर आहे, त्यांना "मानधनी" म्हणून ठेवायचे की शिक्षिका मानायचे, हा प्रश्न मुलांच्या आरोग्याचाही आहे.

*शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षापासून.* शिक्षण हक्क कायदा २००९ हा सहा ते चौदा वर्षांसाठी आहे. तीन ते सहा वर्षांसाठी सरकार व्यवस्था "करू शकते" असे त्यात म्हटले आहे. राज्यघटनेचे कलम ४५ सहा वर्षांखालच्या मुलांच्या संगोपन-शिक्षणासाठी प्रयत्न करण्यास सांगते, पण पालक न्यायालयात जाऊन मागू शकतील असा तो हक्क नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला. २०२३ मध्ये "पोषण भी, पढाई भी" हे अभियान आणि २०२४ मध्ये तीन ते सहा वर्षांसाठी "आधारशिला" हा अभ्यासक्रम आला. दिशा बरोबर आहे. पण अभ्यासक्रम शिकवायला तीच एक सेविका आहे.

एक जास्तीची बाई आणि एक तासाचा खेळ: संशोधन काय म्हणते?

तामिळनाडूत ३२० अंगणवाड्यांत एक प्रयोग झाला. निम्म्या अंगणवाड्यांना फक्त शाळापूर्व शिक्षणासाठी अर्धवेळ काम करणारी एक जास्तीची कार्यकर्ती दिली. दीड वर्षाने पाहिले तर शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला होता आणि मुलांची गणित-भाषेतली समज वाढली होती. त्या केंद्रांत बुटकेपणा आणि तीव्र कुपोषणही कमी झाले होते. कारण जुन्या सेविकेला आहार आणि गृहभेटींसाठी वेळ मिळाला. आपल्याकडच्या चर्चेत इमारत, रंगरंगोटी, टॅब यांवर भर असतो. या प्रयोगाने दाखवले की कमी पडतो तो माणसाचा वेळ.

दुसरा अभ्यास जमैका देशातला. १९८६-८७ मध्ये ९ ते २४ महिन्यांच्या १२९ बुटक्या मुलांना घेतले. काहींच्या घरी आरोग्य कार्यकर्ती दर आठवड्याला एक तास जाऊन आईला मुलाशी कसे खेळावे, बोलावे हे दाखवी. खेळणी घरच्या टाकाऊ वस्तूंची. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी या मुलांची कमाई तशीच भेट न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. याच अभ्यासात काही मुलांना फक्त जास्तीचा आहार दिला होता. त्याचा फायदा सुरुवातीला दिसला, पण मोठेपणी टिकलेला दिसला नाही. याचा अर्थ आहार नको असा नाही. आहारामुळे शरीर उभे राहते, पण शिकण्यासाठी कोणीतरी मुलासोबत बसावे लागते.

मग अंगणवाडी की खासगी नर्सरी?

फी जास्त म्हणजे शिक्षण चांगले, असे या वयात नसते. तीन वर्षांच्या मुलाला तासन्‌तास बाकावर बसवून ए-बी-सी-डी गिरवायला लावणारी नर्सरी त्याच्या वयाला योग्य नाही. बोटांचे स्नायू आणि डोळा-हात यांचा मेळ बहुतेक मुलांत पाच-सहा वर्षांपर्यंत लेखनासाठी तयार होत असतो. महिन्याची फी भरण्यासाठी घरातले दूध, अंडी बंद करणारी कुटुंबेही आहेत. हा सौदा मुलाच्या तोट्याचा आहे.

कुठलीही जागा निवडताना हे पाहा:

- मुले बोलतात का, की फक्त बाई बोलतात?
- मातीकाम, मणी ओवणे, गाणी, गोष्टी, पळणे-उड्या रोज होतात का?
- मारणे, कोंडणे, भीती दाखवणे आहे का? असेल तर ती जागा सोडा.
- पाणी, शौचालय, पंखा आणि सावली आहे का? आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत लहान मूल आजारी पडते.
- मुलाची घरची भाषा बोलू देतात का? घरी अहिराणी, लेवा बोली, पावरी, बंजारा, उर्दू किंवा हिंदी असेल, तरी काही बिघडत नाही. घरच्या भाषेत भरपूर बोललेले मूल मराठी आणि नंतर इंग्रजीही सहज शिकते.

मूल खासगी नर्सरीत जात असले तरी अंगणवाडीतले वजन, लसीकरण, जीवनसत्त्व अ आणि तपासणी सोडू नका.

तुमचे हक्क कोणते?

- आहार. सहा महिने ते तीन वर्षे घरी नेण्याचा आहार, तीन ते सहा वर्षे सकाळचा नाश्ता आणि गरम ताजे जेवण. घरी आणलेली पाकिटे सगळ्यांत वाटली जातात. ती त्या मुलाच्याच वाट्याची आहेत. आहार मिळाला नाही तर कायद्याच्या कलम ८ नुसार अन्न सुरक्षा भत्त्याची तरतूद आहे.
- अंगणवाडी मागणे. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ ला आदेश दिला की, ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यास तीन महिन्यांत ती द्यावी. रेल्वे रुळांकडेच्या किंवा नव्याने वसलेल्या वस्त्यांसाठी हे महत्त्वाचे आहे. मुलांची नावे, वये लिहून बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.
- स्थलांतर. कामासाठी बाहेर जाताना सेविकेला सांगा. आधार कार्ड आणि लसीकरणाचे कार्ड बरोबर ठेवा. जिथे मुक्काम असेल तिथल्या अंगणवाडीत नाव लावता येते.
- तपासणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. हृदयाचे छिद्र, दुभंगलेला ओठ, ऐकू न येणे, वाढीतला उशीर यांवर पुढचे उपचार मोफत मिळतात. तपासणीच्या दिवशी मुलाला नक्की पाठवा.
- तक्रार. आधी पर्यवेक्षिका, मग बालविकास प्रकल्प अधिकारी, त्यानंतर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी. सेविकेशी भांडून उपयोग नाही. धान्य आणि निधी तिच्या हातात नसतो.

घरी काय करावे?

*आहार.* आपल्याकडची कळण्याची भाकरी हे उत्तम उदाहरण आहे. ज्वारी आणि उडीद एकत्र असल्याने प्रथिने चांगल्या प्रतीची मिळतात. मुलासाठी ती दुधात, डाळीत किंवा पातळ भाजीत तिखट न घालता कुस्करून द्या. डाळ-तांदळाच्या खिचडीवर एक चमचा तेल किंवा तूप, शेंगदाण्याचे कूट, मेथी-पालक-शेपूची भाजी, वरून लिंबू. लिंबामुळे लोह चांगले शोषले जाते. मूल दिवसातून पाच वेळा थोडे-थोडे खाते. पाच रुपयांच्या कुरकुऱ्यांच्या पाकिटाऐवजी फुटाणे-गूळ (तीन वर्षांखालच्या मुलाला कुटून), केळे किंवा अंडे द्या. सहा वर्षांखाली चहा नको.

*औषधे.* सहा महिने ते पाच वर्षे लोहाचे सिरप आठवड्यातून दोनदा १ मिलि, वर्षातून दोनदा जंतनाशक, आणि नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत जीवनसत्त्व अ चे नऊ डोस. हे सगळे आशा किंवा अंगणवाडीतून मोफत मिळते. सिरपने शौच काळी होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असलेल्या मुलाला लोह डॉक्टरांना विचारूनच द्या. आदिवासी भागातल्या कुटुंबांनी सिकलसेलची तपासणी करून घ्यावी.

*खेळ आणि गप्पा.* वेगळा वेळ काढता येत नसेल तर कामातच मुलाला सामील करा. भाजी निवडताना रंग आणि आकार सांगा, पोळ्या मोजा, कपडे वाळत घालताना "हा कोणाचा शर्ट?" विचारा. झोपताना एक गोष्ट. आजी-आजोबांनाही यात घ्या, त्यांच्याकडे गोष्टी भरपूर असतात. दोन वर्षांखालच्या मुलाच्या हातात मोबाइल देऊच नका. मोबाइल मुलाला शांत करतो, पण त्याला उत्तर देत नाही.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

लगेच दाखवा, जर:

- दंडाचा घेर (६ महिने ते ५ वर्षे) ११.५ सेंमीपेक्षा कमी असेल, म्हणजे पट्टीवर लाल रंग आला.
- दोन्ही पायांवर सूज असेल आणि दाबल्यावर खड्डा पडत असेल.
- मूल खाणे-पिणे सोडून देत असेल, सुस्त असेल.
- आधी येत असलेले बोलणे किंवा चालणे बंद झाले असेल.

घेर ११.५ ते १२.५ सेंमी असेल तर पट्टी पिवळी दिसते. अशा मुलाचा आहार वाढवा आणि दर पंधरा दिवसांनी मोजा. तीव्र कुपोषित पण भूक चांगली असलेल्या मुलावर गावातच ग्राम बालविकास केंद्रात उपचार होऊ शकतात. भूक नसेल किंवा ताप, जुलाब, न्यूमोनिया असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करावे लागते. "मजुरी बुडेल" म्हणून भरती टाळू नका. अशा मुलांत साधा जुलाबही जीवघेणा ठरतो.

वाढीतल्या उशिरासाठी भेट घ्या, जर मूल:

- नावाने हाक मारल्यावर किंवा आवाजाकडे वळत नसेल,
- दीड वर्षाचे होऊनही चालत नसेल किंवा एकही शब्द बोलत नसेल,
- दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल,
- तीन वर्षांचे होऊनही घराबाहेरच्यांना त्याचे बोलणे अजिबात कळत नसेल.

"मुलगे उशिराच बोलतात", "वडीलही उशिरा बोलले होते" या कारणांनी वर्षभर थांबू नका. ऐकू येण्याची तपासणी जितकी लवकर तितका फायदा जास्त.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*माझे मूल आता पाच वर्षांचे आहे आणि बुटके आहे. उशीर झाला का?*
उंचीचा फरक पूर्ण भरून येणे कठीण असते, पण शिकण्याची क्षमता थांबलेली नसते. आहार, रक्ताची तपासणी, जंतनाशक आणि रोजच्या गप्पा-गोष्टी यांचा पाचव्या वर्षीही चांगला फायदा होतो.

*पहिलीत लवकर घातले तर पुढे जाईल का?*
नाही. सहा वर्षे पूर्ण होऊ द्या. एकाच वर्गातली वयाने लहान मुले मोठ्यांच्या मागे पडतात, असे २०१९ च्या "असर" पाहणीत दिसले आहे.

*अंगणवाडीत फक्त खाऊ मिळतो, शिकवत नाहीत. मग पाठवून काय उपयोग?*
पाठवा आणि विचारा. महिन्यातून एकदा चार-पाच आयांनी मिळून सेविकेशी बोलावे: या आठवड्यात कोणती गाणी झाली, कोणते खेळ झाले? एखादी आई किंवा आजी आठवड्यातून एक दिवस गोष्ट सांगायला जाऊ शकते. पालक विचारतात तिथे वर्ग चालतो, हा गावोगावचा अनुभव आहे.

शेवटी

गरिबी कमी करणे डॉक्टरांच्या हातात नाही आणि एकट्या पालकांच्याही नाही. जास्तीची सेविका, वाढीव आहार दर आणि तीन ते सहा वर्षांच्या शिक्षणाचा हक्क हे सरकारने करायचे काम आहे. निवडणुकीत मते मागायला येणाऱ्यांना रस्ता आणि पाण्यासोबत "आमच्या अंगणवाडीत मुलांना शिकवायला वेगळी बाई कधी?" हेही विचारायला हवे. तोपर्यंत मुलाचे वजन दर महिन्याला, त्याच्या ताटात रोज डाळ, आणि झोपताना एक गोष्ट, एवढे आजपासून सुरू करता येते.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या मुलाच्या तपासणीसाठी आणि औषधांसाठी बालरोगतज्ज्ञांचा किंवा जवळच्या आरोग्य केंद्राचा सल्ला घ्या.*